ऊसमजुरांचा नातू आणि विमानतळाची पाटी

सोमेश्वर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की कोऱ्हाळे बुद्रुकच्या शिवारात कोप्या उभ्या राहतात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या जोड्या पहाटेच फडात शिरतात. पोरं बांधावर, नाहीतर साखरशाळेत. अशा कोपीतल्या मुलाच्या नावाचा विमानतळ होईल, असं कुणी म्हटलं तर पारावर हशा पिकेल.

हवाई बेटांवर तसं झालंय, फक्त तिसऱ्या पिढीत. तिथल्या ऊसमळ्यांसाठी १८८५ पासून जपानी मजूर मोठ्या संख्येने येऊ लागले. उचलीऐवजी करार असे, जाच साधारण तोच. करार फिटल्यावर अनेकांनी ‘बिग आयलंड’वरच्या कोना भागात कॉफीचे छोटे मळे खंडाने धरले. मळ्यावर मजुरीला आलेल्या अशाच आजी-आजोबांचा नातू एलिसन ओनिझुका २४ जून १९४६ रोजी केआलाकेकुआ गावात जन्मला. त्या काळी कोनातल्या शाळांची मोठी सुट्टी कॉफी तोडणीच्या हंगामात असे. मुलं कामाला जाणारच, मग वेळापत्रकच बदललेलं बरं, हा तिथला हिशेब. आपल्याकडे साखरशाळांवर एवढी चर्चा झाली, पण शाळेचं वर्षच हंगामाप्रमाणे फिरवायचं धाडस कुणी केलं नाही.

ओनिझुका कोलोरॅडोत विमानशास्त्र शिकला, हवाई दलात गेला आणि १९७८ साली नासाने त्याची निवड केली. जानेवारी १९८५ मध्ये ‘डिस्कव्हरी’तून उडाला, तेव्हा तो अंतराळात जाणारा पहिला आशियाई वंशाचा अमेरिकी ठरला. वर्षभराने, २८ जानेवारी १९८६ रोजी, ‘चॅलेंजर’ उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं आणि सातही जण गेले. मुलीच्या शाळेच्या संघाने सह्या करून दिलेला फुटबॉल त्याने सोबत नेला होता. तो अवशेषांत सापडला, शाळेत परतला आणि तीसेक वर्षांनी दुसऱ्या अंतराळवीराबरोबर अंतराळ स्थानकावर जाऊन आला.

कोनाचा विमानतळ १९७० चा. १८०१ साली हुआलालाई ज्वालामुखीतून वाहून आलेल्या लाव्ह्यावर तो बांधलाय. खडक सपाट करायला तेरा महिने आणि तेरा लाख किलोंहून जास्त सुरुंगाची दारू लागली. आपला चिपी विमानतळही असाच, समुद्राकाठच्या जांभ्याच्या सड्यावर. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथे प्रवासी विमान उतरलं आणि पुढे वेंगुर्ल्याच्या बॅरिस्टर नाथ पैंचं नाव द्यायचं ठरलं. राजे, संत, राष्ट्रीय नेते यांची नावं विमानतळांना पुष्कळ आहेत आणि त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच मातीतल्या माणसाचं नाव लागलं की उतरणारा निदान विचारतो, हे कोण?

इथेच कोनाची गोष्ट जरा टोचते. विमानतळाच्या आवारात ओनिझुकाच्या नावाचं छोटं अंतराळ संग्रहालय होतं. शाळेची पोरं तिथे सहलीला येत. विस्ताराच्या कामात ते २०१६ साली बंद झालं आणि पुढच्याच वर्षी विमानतळाला त्याचं नाव लागलं. योगायोग म्हणजे हवाईतला शेवटचा साखर कारखानाही २०१६ अखेर बंद पडला, म्हणजे ज्या उसाने ओनिझुकाच्या आजोबांना बोलावलं तो धंदाच उरला नाही.

पाटी लावायला एक ठराव आणि रंगारी पुरतो. संग्रहालयाला जागा लागते, माणूस लागतो, दर महिन्याचं वीजबिल लागतं. चिपीला तेवढा खर्च नको असेल तर सोपा उपाय आहे. नाथ पै राजापूरमधून लोकसभेवर १९५७ पासून अखेरपर्यंत निवडून जात राहिले. त्यांची भाषणं संसदेच्या कामकाजात छापलेली आहेत. त्यातली चार पानं प्रतीक्षागृहाच्या भिंतीवर लावावीत. विमानाला उशीर झाला तर वाचायला भरपूर वेळ मिळेल.