पाटील आणि पाटील: हॅरी पॉटर पुन्हा वाचताना सापडलेली रिकामी जागा

लोकलमध्ये नेटवर्क गेलं आणि एपिसोड अर्धवट राहिला, अशांसाठी नेहमीप्रमाणे हे शब्दांकन. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' बरेचसे काढलेत, सगळे नाही. आणि हो, पुढे सातही पुस्तकांचे स्पॉइलर आहेत. शेवटचं पुस्तक २१ जुलै २००७ ला आलं, त्यामुळे आता तक्रार चालणार नाही.

तर विषय असा. या पावसाळ्यात मी हॅरी पॉटर पहिल्यापासून शेवटपर्यंत परत वाचलं. शाळेत असताना आधी मराठीतलं 'हॅरी पॉटर आणि परीस' वाचलं होतं, मग दादाची इंग्रजी पुस्तकं पळवली. तेव्हा एकच प्रश्न असायचा: पुढे काय होतं? आता पुढे काय होतं ते पाठ आहे. दुसऱ्यांदा वाचण्याची गंमत इथेच सुरू होते. गोष्टीचा वेग डोक्यातून उतरतो आणि नजर कडेला उभ्या असलेल्या माणसांकडे जाते.

माझी नजर गेली ती दोन पाटलांकडे.

दोन पाटील, एक ओळ

पहिल्या पुस्तकातला टोपीचा प्रसंग आठवा. मुलांची नावं अक्षरक्रमाने पुकारली जातायत. हॅरीच्या थोडं आधी जुळ्या बहिणी येतात, पाटील आणि पाटील. बस. त्यांची पहिली नावं तिथे नाहीत, कोण कुठल्या हाउसमध्ये गेली तेही नाही. लहानपणी मी ही ओळ वाचून उडालोच होतो. हॉगवर्ट्समध्ये पाटील! आमच्या वर्गात चार पाटील होते, आणि त्यातल्या एकाने त्या दिवशी सगळ्यांना पेन्सिलीने शाप दिले होते.

पण हा आनंद तिथेच थांबला. यंदा वाचताना मी चक्क नोट्स काढल्या. पार्वती ग्रिफिंडोरमध्ये, हे लवकर कळतं. पद्मा रेव्हनक्लॉमध्ये आहे, हे मात्र थेट चौथ्या पुस्तकात. सिनेमाने तर दोघींना ग्रिफिंडोरमध्येच टाकून विषय मिटवला. आई-वडिलांची नावं सात पुस्तकांत नाहीत. कुटुंब मूळचं कुठलं, तेही नाही. आपण फक्त आडनावावरून ओळखतो.

आता चौथ्या पुस्तकातला यूल बॉल घ्या. हॅरी आणि रॉन यांना कोणी जोडीदार मिळत नाही. शेवटच्या क्षणी हॅरी पार्वतीला विचारतो, आणि तीच रॉनसाठी पद्माची सोय करते. दोघी छान तयार होऊन येतात. पार्वतीच्या वेणीत सोनेरी दोरा, हातात सोन्याच्या बांगड्या. आणि हे दोन वीर? एक नाच होतो, मग दोघं तोंड पाडून बसतात. हॅरीचं लक्ष चो चँगकडे, रॉनचं हर्मायनीकडे.

बाराव्या वर्षी मी हॅरीच्या बाजूने हसलो होतो. कसं अडकवलं बिचाऱ्याला! आता अठ्ठावीसाव्या वर्षी वाटलं, अरे, ती मुलगी कित्येक दिवस या रात्रीची वाट बघत असेल. शेवटी बोबॅटन्सचा एक मुलगा पार्वतीला नाचायला नेतो, त्याचा मित्र पद्मासोबत जातो, आणि मला खरंच बरं वाटलं.

लेखिकेला पाटील बहिणींशी काही वैर होतं असं नाही. पुस्तकं जवळपास पूर्ण हॅरीच्या खांद्यावरून सांगितली आहेत. हॅरीला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं, आणि हॅरीला पार्वती फारशी दिसत नाही. याच रिकाम्या जागेत फॅन फिक्शन राहतं.

फॅन फिक्शन म्हणजे नक्की काय?

सोप्या भाषेत, दुसऱ्याच्या गोष्टीतली पात्रं किंवा जग घेऊन चाहत्याने लिहिलेली स्वतःची गोष्ट, साधारणपणे फुकट वाटलेली. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर मूळ पुस्तक ही मुख्य ब्रँच, आणि प्रत्येक फॅन फिक हा एक फोर्क. मूळ कोडला धक्का लागत नाही, तुम्ही तुमच्या कॉपीत हवे ते बदल करता.

थोडे शब्द माहीत असले की बरं पडतं. 'कॅनन' म्हणजे मूळ पुस्तकात जे घडलं ते. 'एयू' म्हणजे पर्यायी विश्व: सगळे आयटी कंपनीत आहेत, जादू नाहीच, असं काहीही. 'फिक्स-इट' म्हणजे जे घडलं ते मला मान्य नाही, मी दुरुस्त करतो. सिरियस ब्लॅकला वाचवणाऱ्या फिक्स-इट कथा भरपूर आहेत, आणि त्या का आहेत हे मी समजावून सांगायला नको. 'शिप' म्हणजे कोणाची जोडी कोणाशी. 'बीटा' म्हणजे टाकण्याआधी कथा तपासून देणारा मित्र, आमच्याकडच्या कोड रिव्ह्यूसारखा. फरक एवढाच की तो प्रेमाने करतो.

ही हॅरी पॉटरने सुरू केलेली गोष्ट नाही. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी १९६७ मध्ये 'स्पॉकानालिया' नावाचं छापील फॅन मासिक काढलं होतं. पण हॅरी पॉटरचा काळ नेमका इंटरनेटच्या काळाशी जुळला. पहिलं पुस्तक १९९७ चं, फॅनफिक्शन डॉट नेट १९९८ चं. चौथं पुस्तक जुलै २००० मध्ये आलं आणि पाचवं जून २००३ मध्ये. म्हणजे जवळपास तीन वर्षं जगभरची पोरं पुढच्या भागाची वाट बघत बसली होती. रिकामा वेळ, डोक्यात प्रश्न, आणि हाताशी कीबोर्ड. लिहिणार नाहीत तर काय करतील?

आमच्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर एक फिक सगळ्यांनी वाचलेलं असायचं, एलिझर युडकोव्स्कीचं 'हॅरी पॉटर अँड द मेथड्स ऑफ रॅशनॅलिटी'. त्यात पेट्युनिया मावशीचं लग्न ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाशी होतं, आणि हॅरी विज्ञान शिकून हॉगवर्ट्सला जातो. २०१० ते २०१५ या काळात १२२ प्रकरणं, साडेसहा लाखांहून जास्त शब्द. मूळ मालिकेतलं सगळ्यात जाड पुस्तक अडीच लाखांच्या आसपास आहे, यावरून अंदाज घ्या. मला ते आता थोडं शहाणपणा शिकवणारं वाटतं, पण फॅन फिक्शन म्हणजे फक्त लव्ह स्टोऱ्या हा समज त्याने मोडला.

कथा ठेवायच्या कुठे?

आता माझ्यातला इंजिनिअर जागा होतोय, सांभाळून घ्या.

२००७ मध्ये लाइव्हजर्नल या साइटने तक्रारींवरून शेकडो खाती एका झटक्यात बंद केली. त्यात हॅरी पॉटर फॅन फिक्शनवालेही सापडले. लोकांची लिखाणं, त्याखालच्या गप्पा, मैत्र्या, सगळं गायब. चाहत्यांना एक धडा मिळाला: दुसऱ्याच्या सर्व्हरवर आपण भाडेकरू असतो. त्याच वर्षी त्यांनी ना-नफा संस्था उभारली, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' लोकांसाठी खुलं झालं. सगळे त्याला एओथ्री म्हणतात. जाहिरात नाही, वर्गणी नाही, देणग्यांवर चालतं. कोड रुबी ऑन रेल्समध्ये आहे आणि ओपन सोर्स आहे. २०१९ मध्ये या साइटला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

मला तिथली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती टॅगची व्यवस्था. लेखक हवा तो टॅग टाकू शकतो. एक जण 'पार्वती पाटील' लिहितो, दुसरी 'पाटील ट्विन्स', तिसरा स्पेलिंग चुकवतो. मग शोधणाऱ्याला सापडणार कसं? तिथे टॅग रँगलर नावाचे स्वयंसेवक आहेत. ते हाताने, एकेक करून, सारख्या अर्थाचे टॅग मागच्या मागे एकमेकांना जोडतात. लिहिणाऱ्याचे शब्द तसेच राहतात, आणि शोधणाऱ्याला सगळं एकत्र मिळतं. बाकी बऱ्याच अ‍ॅपवर अल्गोरिदम तुम्हाला काय बघायचं ते सांगतो. इथे तुम्ही सांगता.

हे कायदेशीर आहे का?

हा प्रश्न नेहमी येतो. पात्रं आणि जग यांवर मूळ लेखिकेचा हक्क असतो, आणि आपल्या कॉपीराइट कायद्यात फॅन फिक्शनसाठी वेगळं कलम नाही. २००४ मध्ये रोलिंगच्या एजंटांकडून भूमिका आली ती साधारण अशी: पैसे कमवू नका, अश्लील काही मुलांच्या हाती पडू देऊ नका, बाकी हरकत नाही.

पैसा आला की चित्र बदलतं, याचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. २००३ मध्ये कोलकात्यात उत्तम घोष यांनी हॅरी कोलकात्याला येतो अशी बंगाली गोष्ट लिहिली. तिथे त्याला बंगाली साहित्यातली पात्रं भेटतात. किती गोड कल्पना! पण ते विक्रीचं पुस्तक होतं. कायदेशीर कारवाईचा इशारा आला आणि प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. २००७ मध्ये कोलकात्यातच सॉल्ट लेकला दुर्गापूजेचा मांडव हॉगवर्ट्ससारखा बांधला, ते प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने मात्र मांडव राहू दिला. तेव्हा मित्रांनो, फिकचं पुस्तक छापून विकायचा विचार असेल तर थांबा.

आणि पैशापलीकडचाही एक प्रश्न आहे. २०२० पासून रोलिंगने ट्रान्स लोकांबद्दल जी मतं मांडली, त्यामुळे बरेच चाहते दुखावले. डॅनियल रॅडक्लिफनेही जाहीरपणे वेगळी भूमिका घेतली. काहींनी पुस्तकंच सोडली. काही जण नवीन काही विकत घेत नाहीत, पण एकमेकांच्या कथांतून त्या जगात राहतात. मी जुनी पुस्तकंच वाचली. कोणी काय करावं हे मी सांगणार नाही, पण हा प्रश्न टाळून या विषयावर बोलणं मला बरोबर वाटत नाही.

परत पाटलांकडे

तर मी एओथ्रीवर पाटील बहिणींच्या कथा शोधल्या. काही फार सुंदर होत्या. सहाव्या पुस्तकात डम्बलडोर गेल्यावर दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या आधीच पालक या दोघींना घरी घेऊन जातात. सातव्यात नवीन राजवट हजेरी सक्तीची करते, आणि शेवटी दोघी हॉगवर्ट्समध्ये लपलेल्या मुलांमध्ये दिसतात. या दोन टोकांच्या मधे त्या घरात काय घडलं असेल? मुलींना वाचवायला घरी आणलेल्या आई-बापाने त्यांना परत त्याच शाळेत पाठवताना काय म्हटलं असेल? पुस्तक गप्प आहे.

पण काही कथा वाचून मी कपाळावर हात मारला. आडनाव पाटील, आणि आई दर वाक्याला 'बेटा' म्हणते. दिवाळीला घरात बटर चिकन. राग नाही आला, खरं सांगतो. परदेशात बसलेल्या कोणीतरी हौसेने, जमेल तेवढी माहिती काढून लिहिलं होतं. त्या व्यक्तीने निदान पार्वतीकडे बघितलं तरी. मी इतकी वर्षं आडनाव बघून खूश होतो, आणि एक पानही लिहिलं नव्हतं.

आणि आपल्याला हे परकं का वाटावं? कर्णाच्या तोंडून गोष्ट सांगणारं 'मृत्युंजय' आपल्या घरोघरी आहे. महाभारतावर कोणाचा कॉपीराइट नाही आणि ते आपलं सामायिक आहे, हा फरक मोठाच आहे. पण कडेच्या माणसाला मधे आणून 'आता तू सांग' म्हणायची सवय आपल्याला जुनी आहे.

मग मी लिहिलं. बाराशे शब्द, यूल बॉलनंतरची रात्र. पद्मा आणि पार्वती जिन्यावर बसून पायातल्या चपला काढतात, आणि आईला पत्रात काय लिहायचं यावर भांडतात. माझ्या कथेत आई पार्वतीला 'पारू' म्हणते. चार कुडोज आले आणि एक कमेंट. कमेंटमध्ये कोणीतरी लिहिलं होतं की तिच्या आजीलाही घरी पारूच म्हणायचे. मी ती कमेंट किती वेळा वाचली ते सांगत नाही.

सुरुवात कशी करायची?

एओथ्रीचं अधिकृत अ‍ॅप नाही. स्टोअरवर त्या नावाने जे दिसतं ते दुसऱ्यांनी केलेलं आहे, म्हणून सरळ ब्राउझर वापरा. आवडती कथा ईपबमध्ये डाउनलोड होते, गावी नेटवर्क नसताना उपयोगी. शोधताना 'पूर्ण झालेल्या' कथांचा फिल्टर लावा, नाहीतर चाळीसाव्या प्रकरणावर लेखक गायब होतो आणि तुम्ही रात्री तीनला छताकडे बघत बसता. रेटिंग आणि इशारे नीट वाचा. लहान बहीण-भावाला लिंक पाठवण्याआधी तर नक्कीच. नावांच्या मधे तिरकी रेघ असेल तर ती प्रेमकथा, 'अँड'चं चिन्ह असेल तर मैत्री किंवा घरची गोष्ट. आणि आवडलं तर दोन ओळींची कमेंट टाका. लिहिणाऱ्याला त्याशिवाय दुसरा पगार नाही.

लिहायचं असेल तर मराठीत लिहा, देवनागरी तिथे व्यवस्थित चालते. वाचणारे कमी असतील. पण पाटलांच्या घरात पत्र मराठीतच येणार ना?

तर आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या आवडत्या मालिकेत कडेला उभं असलेलं कोण आहे, ज्याच्याकडे लेखकाने नीट बघितलंच नाही? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटूया!