दवाखान्याचे दप्तर आणि संगणक

साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय असो, सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय असो वा एखादा खासगी दवाखाना असो, तेथे संगणक आला की कागद आपोआप नाहीसा होतो, कामाचा भार हलका होतो आणि केसपेपर लिहिणारा कारकून निरुपयोगी ठरतो, असा समज सर्वत्र रूढ आहे. त्यातील एकही गोष्ट अनुभवास उतरत नाही.

जुनी नोंदवही बंद करण्याचा लेखी हुकूम निघाल्याखेरीज कोणीही ती बंद करीत नाही. रात्रपाळीची परिचारिका रुग्णाचा रक्तदाब, ताप आणि लघवीचे प्रमाण खाटेजवळच्या तक्त्यावर टिपते आणि पाळी बदलण्याच्या घाईत तेच आकडे पुन्हा संगणकात भरते. मधल्या काही तासांत पडद्यावर पाहणाऱ्या डॉक्टरांपुढे जुनाच आकडा असतो. उपकेंद्रातील आरोग्यसेविकेचीही हीच स्थिती, कारण मातांच्या व बालकांच्या नोंदी तिला रजिस्टरमध्ये आणि पोर्टलवर अशा दोन्हीकडे ठेवाव्या लागतात. टंकलेखनाचा वेग वाढवून हे दुखणे हटणार नाही. खाटेजवळच एकदा नोंद होईल अशी तजवीज करणे आणि त्या वेळेइतके दुसरे काम नोंद करणारीच्या माथ्यावरून उतरविणे, हाच उपाय आहे.

कारकुनाचे काम जात नाही. त्याचे स्वरूप पालटते, आणि माझ्या मते ते अधिक जोखमीचे होते. आभा, म्हणजे आयुष्मान भारत आरोग्य खाते, याच्या 14 अंकी क्रमांकाच्या आधारे रुग्णाचे नाव-पत्ता खिडकीवर क्षणात उमटतो हे खरे. परंतु एकाच गावच्या, एकाच नावाच्या दोन पाटलांपैकी समोर कोण उभा आहे आणि कोणाचा जुना अहवाल कोणाच्या नावे चढला आहे, हे पारखणारा जाणता माणूस तेथे हवाच, आणि चूक दुरुस्त करण्याचा अधिकारही त्याला हवा.

आभा काढले की सारी कागदपत्रे दिल्लीत जमा होतात, ही भीतीही निराधार आहे. 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या रचनेत नोंद ज्या रुग्णालयात तयार झाली तेथेच राहते आणि रुग्णाच्या संमतीने दुसरीकडे दाखविली जाते. म्हणजे ती जतन करण्याची जबाबदारी स्थानिक दप्तरावरच राहते. आंतररुग्णांचे दप्तर 3 वर्षे जपावे, मागणी आल्यास 72 तासांत द्यावे आणि ते संगणकावर आणण्याचा यत्न करावा, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांतच डॉक्टरांना सांगितले आहे.

डॉक्टरांचा पासवर्ड दुसऱ्याने वापरणे ही निव्वळ सोय मानली जाते. पण 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता दिलेली असल्याने, ज्याच्या नावाने नोंद झाली त्यालाच तिचा जाब द्यावा लागतो.

म्हणून रुग्णालयांच्या प्रमुखांना विनंती आहे की, यंत्रे खरेदी करण्यापूर्वी परिचारिका, कारकून आणि औषधनिर्माता यांना एकत्र बसवून कोणती नोंद कोणी करावयाची व कोणती वही कोणत्या तारखेपासून बंद व्हावयाची, हे लेखी ठरवावे.