घाटावरची मेंढी, पेडण्याची शेळी

पेडणे अथवा डिचोली तालुक्यात ज्यांचे मूळ घर आहे, त्यांना गावात मेंढ्यांचा कळप पाहिल्याचे क्वचितच स्मरेल. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळणाऱ्या त्या मुलखात लोकरीच्या जनावराचा निभाव लागत नाही. शेळी मात्र तेथे नांदते. शेजारच्या सिंधुदुर्गातील कोकण कन्याळ ही जात तर त्या दमट हवेलाच सरावलेली. चार शेळ्या म्हणजे कितीतरी घरांतल्या बायकांची अडीअडचणीची पुंजी होय.

या पुंजीवर जो विषाणू टपलेला असतो, तो मेंढीलाही तितकाच परिचित आहे. त्याचे नाव पीपीआर, अर्थात शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी. माणसांच्या गोवराच्या कुळातला हा रोग भारतात १९८७ साली तामिळनाडूतील अरसूर गावी मेंढ्यांमध्ये प्रथम ओळखला गेला. ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडात व्रण, मग हगवण आणि न्यूमोनिया असा त्याचा क्रम असतो. शेळीला तो बहुधा उग्र होतो. मेंढी पुष्कळदा थोडक्यात सावरते. शिवाय लक्षणे दिसण्याआधीच श्वासावाटे विषाणू बाहेर पडू लागतात. तेव्हा बाजारात धष्टपुष्ट दिसणाऱ्या मेंढीच्या साक्षीवर विसंबू नये!

बेळगावहून चोर्ला घाट उतरला की डिचोली तालुक्यातील साखळी लागते. पेडण्यास महाराष्ट्रातून पत्रादेवीवरून येता येते. वाहनात दाटीने उभ्या असलेल्या जनावरांमध्ये शेळी कोणती अन् मेंढी कोणती, याची विषाणू चौकशी करीत नाही.

देवीच्या रोगाचे थोडे निराळे. मेंढीची देवी बहुधा मेंढीलाच आणि शेळीची शेळीलाच होते. काही वाण मात्र दोघींनाही बाधतात. हे विषाणू इतके सख्खे की, २०२२ साली गुरांमध्ये लम्पीची साथ पसरली तेव्हा देशात शेळीच्या देवीची लस गाईंना टोचण्यात आली.

पीपीआरवर मुक्तेश्वरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत तयार झालेली लस आहे. चार महिन्यांवरील करडाला एकदा टोचली की निदान तीन वर्षे संरक्षण मिळते. विकत आणलेले जनावर तीन आठवडे वेगळे बांधावे, त्याचे पाण्याचे भांडेही निराळे असावे. सणाच्या आदल्या दिवशी आणलेल्या बोकडाच्या बाबतीत हे पथ्य निरर्थकच. तेथे लस हवी ती दावणीच्या शेळीला, आणि तीही दोन-तीन आठवडे अगोदर.