घरात दोन हंड्या कशाला?

आमच्या नागपुरात कोंबडीचे सालन म्हटले की झणझणीत रस्सा आणि वर लालभडक तर्री हे ठरलेलेच. त्यामुळे गेल्या वर्षी ह्यांना मधुमेह निघाला, तेव्हा आम्ही घरात दोन हंड्या चढवू लागलो. एकीत सगळ्यांचे सालन, दुसरीत ह्यांच्यासाठी फिकी, उकडलेली कोंबडी. चार दिवसांतच दस्तरखानावर ह्यांचा चेहरा उतरलेला दिसू लागला. अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, म्हणाल्या, ‘‘आजाऱ्याचे ताट वेगळे केले की तो जास्तच आजारी होतो.’’

त्याच सुमारास शाळेतल्या एका बाईंकडून ‘पॅलिओ’ आहार कळला. अश्मयुगातला माणूस शेती करत नव्हता. शिकार, मासे, कंदमुळे, फळे यांवर जगत होता. आपणही तसेच खावे, असा हा विचार. अमेरिकेतील लॉरेन कॉर्डेन यांच्या २००२ सालच्या पुस्तकाने तो लोकप्रिय केला. यात धान्य, डाळी, दूध-दही, साखर आणि कारखान्यातले तेल वर्ज्य.

नीट पाहिले तर आपले सालन यापासून फार दूर नाही. अडचण तीन ठिकाणी आहे: वाटीभर तेल, दाटपणासाठी घातलेले दही किंवा पीठ, आणि सोबतच्या रोट्या. सावजी वाटणातही कुणी ज्वारीचे पीठ, कुणी भाजलेली चणाडाळ घालतात. तेवढे वगळले तरी मसाल्याची चव तीच राहते. मात्र नावाला फार चिकटू नये. अश्मयुगात आपल्याकडे मिरची कुठे होती? ती अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर इकडे आली.

आता कृती, सहा माणसांसाठी. दोन चमचे धणे, एक चमचा मिरे, अर्धा चमचा शहाजिरे, चार लवंगा, एक मोठी वेलची, दालचिनीचा तुकडा, चिमूटभर दगडफूल आणि पाच-सहा सुक्या मिरच्या कोरड्याच भाजा. मिरची भिवापुरी मिळाली तर उत्तम. मग एक चमचा खसखस व तीन चमचे सुक्या खोबऱ्याचा कीस भाजून घ्या. तीन कांदे तेलात न तळता सालासकट गॅसच्या जाळावर काळे होईपर्यंत भाजा आणि सोला. सगळे बारीक वाटा.

हंडीत दोन चमचे तूप घ्या. कट्टर पॅलिओवाले तूपही नाकारतात, पण बरेच जण ते चालवून घेतात. त्यात आले-लसूण, हळद व वाटण परता. खाली लागले तर तेल न ओतता पाण्याचा हबका मारा. कातडी काढलेली एक किलो कोंबडी पाच मिनिटे परतून मीठ व तीन वाट्या गरम पाणी घाला आणि मंद आचेवर शिजवा. वीस मिनिटांनी अर्धा किलो दुधीच्या फोडी टाका. दुधी आधी चाखून पाहा. कडू निघाला तर फेकून द्या, तो विषारी असू शकतो. शिजलेल्या चार फोडी ठेचल्या की रस्सा आपोआप दाट होतो. वरून कोथिंबीर, लिंबू. रसूलुल्लाह (स.) यांना दुधी आवडत असे, हे हजरत अनस (र.) यांच्या हदीसमधून आपल्याला माहीतच आहे.

एक चूक मात्र आमच्याकडून झाली, ती तुम्ही करू नका. आम्ही ह्यांच्या रोट्या एका दिवसात बंद केल्या. गोळ्या मात्र पूर्वीइतक्याच चालू. तिसऱ्या दिवशी दुपारी ह्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. मशीनवर पाहिले तर साखर फार खाली गेलेली. लगेच शरबत पाजले, म्हणून निभावले. डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि आम्हाला चांगलेच सुनावले. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धान्य तोडू नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मांस किती खावे, हेही विचारूनच ठरवा.

आता ह्यांच्या ताटात डॉक्टरांनी सांगितलेली अर्धी ज्वारीची भाकरी, सोबत भरपूर काकडी, मुळा आणि सालन असते. पॅलिओच्या हिशेबाने ती अर्धी भाकरी चुकीची, पण आमच्या घराला हेच मानवले. मुले त्याच सालनाबरोबर भात खातात. दुसरी हंडी आम्ही केव्हाच माळ्यावर ठेवून दिली.