डेटाबेसमधला इंडेक्स : 'टेक्स्ट' कॉलम का अडतो?



बारावीच्या मुलांना प्रोजेक्टसाठी शाळेच्या ग्रंथालयाची नोंदवही मायएसक्यूएलमध्ये करायला दिली होती. पुस्तकाच्या नावाचा कॉलम त्यांनी 'टेक्स्ट' प्रकारचा ठेवला आणि त्यावर युनिक इंडेक्स लावायला गेले. लगेच एरर आली, क्रमांक ११७०. टेक्स्ट कॉलमला इंडेक्स लावताना लांबी सांगितलेली नाही, असा तिचा अर्थ. एका मुलाने कंसात १० लिहिलं, एरर गेली, सगळे खूश. मीही खूश! पण खरी चूक तिथेच झाली होती. ती कशी, ते पाहू.

इंडेक्स म्हणजे काय?

पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, तसंच हे. इंडेक्समध्ये कॉलममधल्या किमतींची क्रमाने लावलेली प्रत असते आणि मूळ ओळ कुठे आहे याची खूण असते. त्यामुळे एखादं नाव शोधायला सगळी वही चाळावी लागत नाही.

आता विचार करा, शब्दसूचीत शब्दाऐवजी अख्खे परिच्छेद छापले तर? सूचीच पुस्तकाएवढी होईल. टेक्स्ट कॉलममध्ये ६५,५३५ बाइटपर्यंत मजकूर मावतो, पण इंडेक्सचं एक पान साधारणपणे १६ किलोबाइटचं असतं. म्हणून मायएसक्यूएल विचारतं, "सुरुवातीची किती अक्षरं घेऊ?"

देवनागरीची गंमत

'महाराष्ट्र' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो : म, हा, रा, ष्ट्र. संगणक मात्र काना आणि हलन्तसुद्धा वेगळे मोजतो : म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. झाले दहा! यूटीएफ-८ मध्ये त्यातल्या प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे एकूण ३० बाइट. इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागतो.

म्हणजे १० लांबीच्या इंडेक्सला 'महाराष्ट्राचा इतिहास' आणि 'महाराष्ट्राचा भूगोल' ही दोन्ही नावं सारखीच. इंडेक्स युनिक असेल, तर वेगळेपणा फक्त तेवढ्याच भागावरून ठरतो. दुसरं पुस्तक टाकलं की उत्तर येतं, "ही नोंद आधीच आहे."

आमच्याकडे तेच झालं. मुलांनी अशी पुस्तकं 'दुबार' म्हणून बाजूला काढली. एका मुलीने विचारलं, "सर, ही तर वेगळी पुस्तकं आहेत ना?" मी म्हणालो, "संगणक म्हणतोय ना, मग असेल दुबार." तो गठ्ठा रद्दीत जाणार होता. तिने पुन्हा नावं वाचून दाखवली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मग करायचं काय?

१. नाव, गाव, शीर्षक अशा छोट्या मजकुराला टेक्स्ट नको, 'व्हारचार' वापरा आणि पूर्ण कॉलमवर इंडेक्स लावा.

२. मर्यादा लक्षात ठेवा. जुन्या रचनेत इंडेक्सच्या कॉलमला ७६७ बाइटच मिळतात. यूटीएफ-८-एमबी-४ मध्ये दर अक्षराला ४ बाइट धरतात, म्हणून २५५ लांबी (१०२० बाइट) बसत नाही, १९१ (७६४ बाइट) बसते. नव्या आवृत्त्यांत नेहमीची मर्यादा ३०७२ बाइट, म्हणजे ७६८ अक्षरं.

३. अर्धवट लांबीचा इंडेक्स शोध वेगाने करण्यासाठी चालतो, पण युनिक करू नका. दुबार नोंद टाळायला पुस्तकाचा दाखल क्रमांक वापरा. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती तर असतातच!

४. लांब मजकुराच्या आतले शब्द शोधायचे असतील तर 'फुलटेक्स्ट' इंडेक्स वेगळा असतो.

५. 'जेसन' कॉलमला थेट साधा इंडेक्स लागत नाही. त्यातली हवी ती किंमत वेगळ्या कॉलममध्ये काढून त्यावर लावतात.

पालकहो, घरी मुलांना एवढंच विचारा : "एरर गेली खरी, पण का गेली?" आमच्या वर्गात आता हा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो. गठ्ठ्यातली पुस्तकं पुन्हा कपाटात गेली, आणि त्या मुलीला प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत इंडेक्सवर एक वाक्यही पाठ करावं लागलं नाही.