कड्यावरची शिंदळ माकुडी

मुलांनो, फड्या निवडुंग तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. आमच्या कारेगावकडे, म्हणजे शिरूर तालुक्याच्या कोरड्या भागात, तो बांधावर सहज दिसतो. पण तो मूळचा आपला नाही बरं का! तो आला अमेरिकेतून. मग अंगात पाणी साठवणारी आपली स्वतःची वनस्पती नाहीच की काय? आहे तर! आणि तीही आपल्याच पुणे जिल्ह्यात. तिचं नाव शिंदळ माकुडी.

ही निवडुंगासारखी मांसल, पण कूळ मात्र रुईचं. उन्हाळ्यात पाहाल तर नुसत्या जाडसर, लोंबत्या कांड्या. पाऊस पडला की त्यांना हिरवीगार पानं फुटतात. पावसाळा सरता सरता फुलं येतात. गर्द तांबडी, पिवळे ठिपके असलेली, पाच कोनांच्या चांदणीसारखी! या फुलांवर माश्या येतात आणि परागीभवन करतात. शेंग उकलली की केसाळ शेपटीचं बी वाऱ्यावर उडतं, अगदी रुईच्या म्हातारीसारखं.

डाल्झेल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला ही जुन्नर भागात सापडली. 1860 नंतरच्या दशकात त्याने तिची नोंद केली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे शास्त्रीय नाव दिलं. साऱ्या जगात ती रानात उगवते फक्त महाराष्ट्रात. शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर. जगातल्या अतिशय धोक्यातल्या 12 वनस्पतींमध्ये तिची गणना झाली होती.

तिला धोका कशाचा? शेळ्या तिच्या रसाळ कांड्या खातात. कोवळ्या कांड्या माणसंही खातात. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागतो. दरड कोसळली तर एका जागची सगळी झाडं एकदम जातात.

आता गंमत पाहा. हिची कांडी कुंडीत खोचली तर सहज जगते! मग काळजी कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण एका कांडीपासून केलेली सगळी रोपं अगदी सारखी असतात. जो रोग एकाला मारील, तो सगळ्यांना मारील. बियांपासून उगवलेलं प्रत्येक रोप मात्र थोडं वेगळं असतं. त्यातलं एखादं तरी तग धरतं. त्यासाठी कडा हवा, माश्या हव्यात, वारा हवा.

रानातली जागा गेली की काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. फ्लोरिडातल्या की लार्गो बेटावर 1992 साली एक उंच निवडुंग आढळला. तिथे त्याचे सुमारे 150 बुंधे होते. समुद्राची पातळी वाढली, खारं पाणी मुळांशी येऊ लागलं. 2017 साली मोठं वादळ झालं. 2021 पर्यंत उरले जेमतेम सहा आजारी तुकडे! शास्त्रज्ञांनी ते काढून रोपवाटिकेत नेले. निवडुंग वाचला, पण त्या किनाऱ्यावर आता तो नाही.

आपला कडा अजून शाबूत आहे. तेव्हा सहलीला शिवनेरीवर गेलात आणि कपारीत तांबडी चांदणी दिसली, तर डोळे भरून पाहा, वहीत चित्र काढा. पण ‘एकच कांडी नेतो’ असं म्हणू नका. रोज शंभर जणांनी एकेकच नेली तर? करा बरं हिशेब!