बिनतारी यंत्राची भूक



उसातील ओल मोजून मोबाईलवर कळविणारी बिनतारी यंत्रे आता आपल्या शिवारात दिसू लागली आहेत. मीही एक घेतले. माघात सुरूची लागण झाल्यावर रोवले आणि तीन आठवड्यांत ते मुके झाले. सेल बदलला, पुन्हा तीनच आठवडे. विकणारा म्हणाला, "सेलच हलका आहे." आमच्या नात्यातला एक पोरगा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. त्याने मीटर लावला आणि म्हणाला, "काका, सेल चांगला आहे. खाणारा दुसराच आहे."

हिशेब सोपा आहे. यंत्र दर पंधरा मिनिटांनी अर्धा सेकंद बोलते. तेवढ्यापुरते ४० मिलिअँपिअर लागतात. सगळ्या वेळावर वाटले तर सरासरी पडते ०.०२२. मग सेल संपतो कशाने? आत ३.३ व्होल्ट देणारा १११७ जातीचा रेग्युलेटर होता. यंत्र झोपले तरी हा गडी जागाच, आणि एकटा सुमारे ५ मिलिअँपिअर खातो. म्हणजे बोलण्यापेक्षा गप्प बसण्याचा खर्च दोनशे पटीहून जास्त! २६०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलला पाचाने भागा: ५२० तास, म्हणजे सुमारे तीन आठवडे. शिवाय त्याला वर सुमारे एक व्होल्टचा चढ लागतो. भरलेला सेल ४.२ चा, तेव्हा पुरते ३.३ त्याला पहिल्या दिवसापासूनच देता येत नव्हते.

त्याच्या जागी एमसीपी १७०० बसविला. हा दोन मायक्रोअँपिअरच्या आत भागवतो. किमतीत फार फरक नाही, म्हणून तर जास्त राग येतो.

ज्यांच्या यंत्राला व्हॉल्व्हसाठी १२ व्होल्टची बॅटरी आहे, त्यांनी निराळे पाहावे. साधा रेग्युलेटर बारातून ३.३ काढतो आणि उरलेल्या जवळजवळ तीन हिश्श्यांची नुसती उष्णता करतो. पाटाने पाणी देण्यासारखेच. तिथे स्विचिंग रेग्युलेटर हवा. तो दार झपाझप उघडझाप करून लागेल तेवढेच सोडतो.

आणखी एक गोष्ट. मोटार सुरू होताना घरातला दिवा मंदावतो ना? यंत्र बोलू लागताच जुन्या सेलचा दाब तसाच पडतो आणि यंत्र दचकून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सेलजवळ मोठा कपॅसिटर असला की तो धक्का झेलतो.

श्रावणात यंत्र पुन्हा गप्प झाले. या वेळी सेल भरलेला होता! ऊस डोक्यावर गेला होता आणि अँटेना पाचटात दडली होती. पानांतले पाणी रेडिओलहरी पिते. आपल्याकडे बिनपरवाना चालणारा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा. तिथे लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर, म्हणून पाव लहरीची अँटेना जेमतेम पावणेनऊ सेंटिमीटर. एवढीशी कांडी गर्द उसात काय करणार? जोराने बोलायला लावावे तर सेल लवकर संपतो. मी पंधरा फुटी पाईप उभा करून यंत्राची पेटीच वर नेली. ओलीच्या सेन्सरची तार तेवढी खाली सोडली. अँटेना वर आणि पेटी खाली ठेवून मध्ये लांब स्वस्त केबल घातली, तर जोर केबलीतच मुरतो.

नवे यंत्र घेताना विकणाऱ्याला एकच विचारा: "झोपेत किती खाते?" उत्तर मायक्रोअँपिअरमध्ये आले तर पुढचे बोला. आणि अँटेना काढून ठेवलेली असताना यंत्र चालू करू नका. बोलणारा भाग जळू शकतो.